गिधाडांची वाट पाहताना

फजरची नमाज आटोपून मी घराबाहेर आलो तेव्हा राजूर अजून झोपेतच होतं. बाजारपेठेतली दुकानं बंद होती. एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्यानं नुकता स्टोव्ह पेटवला होता. नोव्हेंबरचा पहिला आठवडा. हवेत गारवा होता आणि कुठूनतरी कापलेल्या भाताचा वास येत होता. गुरुजी मोटारसायकल घेऊन वाटच पाहत होते. मला पाहून म्हणाले, "चाचा, मफलर घेतला का? धरणावर लई गार लागतंय."

दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर हा आठवडा आपल्या राज्यात 'पक्षी सप्ताह' म्हणून साजरा होतो. 2020 साली शासनानं तसा निर्णय घेतला. 5 तारीख हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 तारीख डॉ. सालिम अली यांचा. एक सोलापूरचा, वनखात्यात आयुष्य घालवून मराठीला पाखरांची आणि झाडांची नवी नावं देणारा. दुसरा मुंबईच्या मुस्लिम घरातला, साऱ्या देशाला पक्षी पाहायला शिकवणारा. या दोघांच्या जन्मदिवसांच्या मधले आठ दिवस पाखरांसाठी राखून ठेवावेत ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला माझा सलाम. चितमपल्ली 18 जून 2025 ला गेले. त्यानंतरचा हा पहिलाच सप्ताह, म्हणून गुरुजींनी यंदा शाळेतली सहा मुलं बरोबर घ्यायचं ठरवलं होतं. मुलं जीपनं थेट शेंडीला येणार होती.

आम्ही काय शोधायला निघालो होतो, ते आधी सांगतो. गिधाड.

वाचकाला हसू येईल. गिधाड ही काय पाहायला जायची चीज आहे? लोक मोर पाहायला जातात, स्वर्गीय नर्तक पाहायला जातात. पण माझ्या लहानपणी राजूरच्या आकाशात जितकी गिधाडं होती तितके कावळेही नसतील. आज त्यांच्यासाठी पहाटे उठून वीस-पंचवीस किलोमीटर जावं लागतं, आणि बहुतेक वेळा रिकाम्या हातानं परत यावं लागतं. मी गेली आठ वर्षं हे करतो आहे.

रंधा मागे टाकून शेंडीला पोचलो तेव्हा उजाडत होतं. भंडारदऱ्याचं हे धरण 1910 साली बांधायला घेतलं आणि 1926 ला पुरं झालं. त्याच्या पायथ्याशी बाग आहे. सुट्टीच्या दिवशी तिथं पाय ठेवायला जागा नसते, पण त्या वेळी तिथं आम्ही आणि पाखरं एवढेच होतो. मुलं जीपमधून उड्या मारून उतरली. गुरुजींनी एकेकाच्या हातात वही दिली. पहिल्या अर्ध्या तासातच लालबुड्या बुलबुल, धोबी, वेडा राघू, खंड्या अशी यादी झाली. तारेवर एक राखी-तांबूस पाखरू बसलं होतं, डोळ्यांवर काळी पट्टी बांधल्यासारखं. गुरुजी म्हणाले, "हा खाटीक. किडे, सरडे पकडतो आणि काट्याला टोचून ठेवतो."

एका मुलानं माझ्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे पाहिलं आणि गप्प बसला. मीच हसलो. म्हटलं, "अरे, माझ्या मामाचा हाच धंदा होता. पाखराला त्याचं नाव दिलं यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?" मुलं मोकळेपणी हसली.

बागेच्या कडेला हिरवळीवर हुदहुद्या चोच खुपसत फिरत होता. डोक्यावरचा पंखा मिटलेला. मला माझी दादी आठवली. तिला अक्षरओळख नव्हती, पण या पाखराला दगड मारला तर ती आम्हाला जेवायला द्यायची नाही. "सुलेमान पैगंबर का कासिद है वो," असं म्हणायची. कासिद म्हणजे निरोप्या. दादीच्या धाकामुळे आमच्या गल्लीत हुदहुद्या सुखी होता. गिधाडाला मात्र कुणी दादी नव्हती.

मुलांना मी सालिम अलींची गोष्ट सांगितली. दहा-अकरा वर्षांचा मुलगा छऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारायचा. एके दिवशी मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. अशी चिमणी आपल्याला खाता येते की नाही याची त्याला शंका आली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी, ते स्वतः शिकारी. त्यांनाही ती ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. मिलार्डनं ती पीतकंठी चिमणी म्हणून ओळखली आणि पेंढा भरून ठेवलेल्या पाखरांची कपाटं त्या मुलासमोर उघडली. तिथून सालिम अली सालिम अली झाले. 1985 साली आलेल्या आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नावही एका चिमणीच्या पडण्याचंच दिलं. आपल्या हातून मेलेल्या एका पाखरापासून त्या माणसानं आयुष्य सुरू केलं आणि 1987 साली तो गेला तेव्हा देशाला पाखरं ओळखता येऊ लागली होती.

ही गोष्ट मी मुलांना सांगत होतो खरी, पण ती मी स्वतःलाच सांगत होतो. माझ्या हातून किती पाखरं मेली याचा हिशेब माझ्याकडे नाही.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. 1982 ते 2017 अशी पस्तीस वर्षं अकोले तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर गुरांची दवापाणी केली. लोक 'डॉक्टर' म्हणायचे. मी डॉक्टर नव्हतो, पण रात्री दोन वाजता अडलेल्या गाईजवळ कंदील धरून बसणाऱ्याला लोक दुसरं काय म्हणणार? या भागातली गुरं डांगी. अंगावर पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा पट्टा, खूर टणक, कातडी तेलकट. डोंगरातला पाऊस त्यांच्या अंगावरून ओघळून जातो. भातखाचरात दिवसभर चिखल तुडवायला यांच्यासारखं जनावर नाही. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं तेव्हा मी रजा असली तरी जायचो.

माझे वडील चामड्याचे व्यापारी. व्यापारी म्हणजे काय, बाजाराच्या दिवशी पोतं अंथरून बसायचे. लोक मेलेल्या जनावरांची चामडी आणून द्यायचे. अब्बा ती मीठ लावून रचून ठेवायचे आणि महिन्यातून एकदा ट्रकनं पुढे पाठवायचे. आमच्या घराला मिठाचा आणि चामड्याचा वास होता. शाळेत माझ्या शेजारी बसायला मुलं कुरकुरायची.

गावाबाहेर ओढ्यापलीकडे मेलेली जनावरं टाकायची जागा होती. गावकीनं ज्यांच्यावर हे काम पिढ्यानपिढ्या लादलं होतं, ती माणसं तिथं जनावर सोलायची. अब्बा कधी कधी मला घेऊन जायचे. आकाश रिकामं असायचं. मग एक ठिपका दिसायचा. मग चार. मग कळसूबाईच्या बाजूनं, रतनगडाच्या बाजूनं ठिपकेच ठिपके. पांढऱ्या पाठीची गिधाडं, लांब चोचीची गिधाडं, आणि त्यांच्या पंगतीबाहेर पिवळ्या तोंडाचं पांढरं गिधाड. पंखांचा आवाज वावटळीसारखा यायचा. तासाभरात बैलाचा सांगाडा उरायचा, धुतल्यासारखा. वास नाही, माश्या नाहीत. मी नाक धरून उभा असलो की अब्बा म्हणायचे, "नाक मत पकड बेटा. ये अपने भागीदार हैं. चमडा अपना, गोश्त उनका, हड्डी जमीन की."

अब्बा 1994 साली गेले. त्यांनी गिधाडांनी भरलेलंच आकाश पाहिलं.

शेंडीहून आम्ही मुरशेतवरून रतनवाडीकडे निघालो. उजव्या हाताला जलाशय, त्यावर धुकं. खाचरांत भात कापून पडलं होतं. बायाबापड्या खळ्यावर निघाल्या होत्या. एका ठिकाणी थांबून पाहिलं तर पाण्यावर हळदी-कुंकू बदकांची जोडी. मुलांनी वहीत लिहिलं. गिधाड उन्हं चढल्याशिवाय उडत नाही. जड पाखरू आहे ते. कड्याचा दगड तापावा लागतो, खालून गरम हवा वर उठावी लागते, तेव्हा ते पंख पसरून तिच्यावर स्वार होतं. त्यामुळं घाई नव्हती. अमृतेश्वराच्या देवळाजवळ भाकरी-पिठलं खाल्लं आणि रतनगडाच्या कड्याकडे तोंड करून बसलो.

सातवीतली एक मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "डॉक्टरबाबा, तुम्ही खरंच गिधाड पाहिलंय?"

"पाहिलंय."

"किती?"

"मोजता यायची नाहीत इतकी."

तिला ते पटलं नाही. तिच्या वहीत गिधाडाचं चित्र होतं, टीव्हीवरच्या कार्टूनमधल्यासारखं, गळ्यात पांढरी पिसांची माळ घातलेलं. तिच्या आईनंही गिधाड पाहिलेलं नव्हतं. आजीनं पाहिलं होतं. टाकेद इथून फार लांब नाही. सीतेसाठी लढताना पंख तुटलेला जटायू तिथं पडला अशी कथा आहे. ती कथा या मुलीला पाठ होती. पण जटायू दिसायचा कसा, हे तिला माहीत नव्हतं.

"मग गेली कुठं सगळी?" तिनं विचारलं.

या प्रश्नाला मी आठ वर्षं एकच उत्तर देत आलो होतो. औषधामुळं मेली, असं. त्या दिवशी मात्र का कोण जाणे, मी पूर्ण उत्तर द्यायचं ठरवलं.

1997 सालचा उन्हाळा. राब भाजून झाले होते. एका वाडीवरून निरोप आला, म्हातारीचा बैल बसलाय. गेलो. एकटी बाई, एकच बैल, तोही उतरलेला. दुसरा बैल शेजाऱ्याकडून मागून आणायची आणि जोडी जमवायची. बैलाचा पुढचा पाय सुजून खांबासारखा झाला होता. मी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं. त्या वेळी हे औषध नवंच आलं होतं. स्वस्त होतं आणि गुण असा द्यायचं की लोक माझा हात हातात घेऊन कपाळाला लावायचे. संध्याकाळी बैल उभा राहिला. म्हातारीनं मला पायलीभर तांदूळ दिले. नको म्हणालो तर रडायला लागली. दुसऱ्या दिवशी बैल पुन्हा बसला. पुन्हा इंजेक्शन दिलं. चार दिवस दिली. पाचव्या दिवशी बैल मेला.

वाडीच्या लोकांनी तो ओढत नेऊन माळावर टाकला. सोलायला कुणी आलं नाही. ज्यांच्यावर ते काम लादलं होतं त्यांनी ते केव्हाच सोडून दिलं होतं, आणि बरंच केलं होतं. डांगी बैलाचं चामडं चिवट. गिधाडांना वेळ लागला, पण ती आली. मी येताना पाहिली, पंधरा-वीस तरी असतील. मला बरं वाटलं. अब्बांचे भागीदार आले होते.

आठवड्यानं त्याच वाटेनं गेलो. ओढ्याकाठच्या सादड्यावर तीन गिधाडं बसली होती. माना खाली टाकलेल्या, जणू कुणी दोरीनं बांधून ओढल्यात. मी दगड उचलून खोडावर मारला. ती उडाली नाहीत. झाडाखाली दोन मरून पडली होती. उन्हानं मेली असतील, म्हातारी असतील, असं म्हणून मी सायकलला टांग मारली.

पुढं काय झालं ते आता जगाला माहीत आहे. 2004 साली पाकिस्तानातल्या पंजाबमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी मेलेली गिधाडं उघडून पाहिली. मूत्रपिंडं निकामी झालेली, आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर. कारण एकच, डायक्लोफिनॅक. जनावर औषधानं बरं झालं तर काही दिवसांत ते औषध शरीरातून निघून जातं, गिधाडाला धोका नाही. पण इंजेक्शन घेऊन दोन-चार दिवसांत मेलेलं जनावर म्हणजे गिधाडाला वाढलेलं विषाचं ताट. आणि दुखण्यावरचं औषध आपण देतो कुणाला? मरणाच्या दारातल्या जनावरालाच. टाकलेल्या शंभर जनावरांत एकाच्याही अंगात हे औषध नसलं, दोनशेत एकाच्या असलं, तरी सारा वंश संपायला तेवढं पुरतं. कारण एका जनावरावर शेकडो गिधाडं जेवतात, आणि गिधाडाची मादी वर्षातून एकच अंडं घालते. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली. लांब चोचीची शंभरात तीन.

2006 साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. आमच्याकडे परिपत्रक आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. त्या रात्री मला सादड्यावरची ती तीन गिधाडं दिसली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या मेडिकलमधून आणून लोक गुरांना टोचत राहिले. 2015 साली त्याही बंद होऊन 3 मिलीच्या एकावेळच्या कुप्या आल्या. 2023 साली किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक ही दोन औषधंही जनावरांसाठी बंद झाली.

गिधाडं गेली तशी टाकलेल्या जनावरांवर कुत्री वाढली. कुत्री चावलेली माणसं दवाखान्याच्या रांगेत मी डोळ्यांनी पाहिली आहेत. 2024 साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. गिधाडं नाहीशी झाल्यामुळं 2000 ते 2005 या काळात आपल्या देशात सुमारे 5 लाख माणसं जास्तीची मेली. अब्बांना हे आकडे माहीत नव्हते. 'भागीदार' एवढा एकच शब्द त्यांना माहीत होता.

निवृत्त झाल्यावर एकदा मौलानांना विचारलं. आमच्यात अल्लाहचा हक वेगळा आणि बंद्यांचा हक वेगळा मानतात. नमाज चुकली तर अल्लाहकडे तौबा करता येते. पण कुणाचा हक मारला असेल तर ज्याचा मारला त्यानंच माफ करावं लागतं. मी विचारलं, "मौलाना, गिधाडांकडून माफी कशी मागायची?" त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. माझा चेहरा पाहून ते गप्प झाले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "जो बचे हैं, उनका हक अदा करो."

उरलेत कुठं, हे पाहायला मी तेव्हापासून दर नोव्हेंबरात बाहेर पडतो.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. कमी शब्दांत, पण सांगितलं. औषधामुळं मेली असं म्हटलं नाही. मी दिलेल्या औषधामुळं मेली असं म्हटलं. गुरुजी बाजूलाच बसले होते. ते मान वळवून कड्याकडे पाहू लागले. ते मला दहा वर्षं ओळखतात, पण हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मुलगी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण तुम्हाला कुठं ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "ठाऊक नव्हतं. पण माना टाकून बसलेली पाहिली तेव्हा थांबलो असतो तर? निदान कुणाला विचारलं असतं तर?"

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. माझ्याकडेही नाही.

साडेदहाच्या सुमारास कड्यावर हालचाल झाली. आधी एक घार. मग शीळ घालत सर्पगरुड आला, मुलांनी ओळखला. आणि त्याच्याही वर, फार वर, रतनगडाच्या नेढ्याच्या दिशेनं एक ठिपका दिसला. पंख न हलवता तो गोल फिरत होता. मी दुर्बीण लावली. हात थरथरत होता. पंख रुंद वाटले, शेपूट आखूड वाटली. गुरुजी म्हणाले, "चाचा, गिधाडच!" मी काही बोललो नाही. ठिपका कड्याआड गेला. आम्ही अर्धा तास थांबलो. तो पुन्हा आला नाही.

मुलं विचारू लागली, गुरुजी, लिहू का, गिधाड एक? गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हटलं. नीट दिसलं नाही ते लिहायचं नसतं. वाटलं म्हणून लिहिलं तर पुढच्या वर्षी मोजणाऱ्याची फसवणूक होते. गुरुजींनी फळ्यावर खडूनं लिहितात तसं सावकाश सांगितलं, "गिधाडाची ओळ रिकामी ठेवा." मुलांची तोंडं उतरली. माझंही उतरलं असणार.

आमच्याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेत. नाहीशी होत चाललेली गावठी बियाणी त्यांनी घरात जपली, पेरली, वाटली. 2020 च्या पद्मश्रींत त्यांचं नाव होतं. बी मडक्यात राखेत ठेवता येतं. गिधाड मडक्यात ठेवता येत नाही. हरियाणात पिंजोरला ती पिंजऱ्यात वाढवताहेत, त्यातली काही आपल्या राज्यात आणून सोडली आहेत. पण सोडलेल्या पाखराला शेवटी कुणाच्या तरी मेलेल्या बैलावरच उतरायचं आहे. त्या बैलाला शेवटच्या दिवसांत काय टोचलं होतं, त्यावर सगळं अवलंबून आहे.

निघताना ती मुलगी पुन्हा जवळ आली. वहीचं कोरं पान उघडून माझ्यासमोर धरलं. म्हणाली, "आमची गाय व्यायला झालीय. मागल्या साली तिला कास सुजून ताप आला होता. आता दुखायला लागलं तर कोणतं इंजेक्शन द्यायचं ते लिहून द्या. मी दादांना सांगते."

मी जमिनीवर बसलो. पस्तीस वर्षं चिठ्ठ्या लिहिल्या, पण इतक्या काळजीनं कधी लिहिली नव्हती. वर एक शब्द लिहिला, मेलॉक्सिकॅम. त्यापुढं लिहिलं, 'डॉक्टरांना हेच मागा.' खाली तीन शब्द लिहून त्यांवर फुली मारली, डायक्लोफिनॅक, किटोप्रोफेन, असेक्लोफिनॅक. अक्षर मोठं काढलं, तिच्या वडिलांना वाचता यावं म्हणून.

तिनं पान वाचलं. एकेक शब्द जुळवत, मोठ्यानं. मग मागचं पान उलटून गिधाडाच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "पुढच्या वर्षी येऊ ना आपण?"

म्हटलं, "इन्शाअल्लाह."

तिला तो शब्द ठाऊक नसावा. पण 'हो' एवढं तिला कळलं. वही छातीशी धरून ती जीपकडे पळाली.